चलन लहान, नोंद मोठी

बँकेच्या व्यवहारात ‘चलन’ या शब्दाला दोन अर्थ पूर्वापार आहेत. एक अर्थ बाजारात फिरणाऱ्या नाण्या-नोटांचा; दुसरा, पैसे भरताना खिडकीवर द्यावयाच्या कागदाचा. प्राप्तिकर असो वा परीक्षेची फी, त्या कागदावर बँकेचा गोल शिक्का उमटला, आपली प्रत हाती आली, की ग्राहकाचा जीव भांड्यात पडत असे. अलीकडच्या काळात याच शब्दाला तिसरा अर्थ येऊन मिळाला आहे. भ्रमणध्वनीवर संदेश येतो, त्यात आपल्या गाडीचा क्रमांक असतो, एका चौकाचे नाव असते, तारीख-वेळ असते आणि दंडाची रक्कम असते. हे वाहतूक पोलिसांचे ई-चलन.

पूर्वीच्या पावतीत आणि या चलनात एक महत्त्वाचा फरक आहे. चौकात मामांनी शिट्टी वाजवून गाडी बाजूला घ्यावी, पावती फाडावी, आपण चरफडत पैसे द्यावेत आणि घरी पोहोचेपर्यंत ते विसरूनही जावे, असा तो काळ होता. व्यवहार तिथल्या तिथे संपत असे. आता तो संपत नाही. तो गाडीच्या नावावर नोंदला जातो आणि खात्यावरील येणे बाकीप्रमाणे तेथेच थांबून राहतो. म्हणूनच या विषयाकडे केवळ दंडाच्या रकमेच्या अंगाने पाहणे पुरेसे नाही. रक्कम बहुधा लहान असते. नोंद मात्र मोठी असते.

हेब्बाळचा चौक

हा विषय समजून घेण्यास बेंगळूरुच्या उत्तरेकडील हेब्बाळसारखे दुसरे ठिकाण नाही. शहरातून निघालेला बळ्ळारी रस्ता आणि बाहेरचा वर्तुळाकार रस्ता येथे एकमेकांना भेटतात. एका अंगाला हेब्बाळचे विस्तीर्ण तळे, दुसऱ्या अंगाला उड्डाणपुलाच्या एकमेकांवरून गेलेल्या मार्गिका. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि शहरातून विमानतळाकडे जाणाऱ्या वाहनांचा मोठा ओघ या चौकावरून वाहू लागला. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या, विमानतळावर जाणाऱ्या टॅक्सी, हैदराबादकडे निघालेले मालट्रक, घरपोच जेवण पोहोचविणारे दुचाकीस्वार आणि याच रस्त्यावरील बॅप्टिस्ट रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिका असे सारे येथे एकमेकांना खेटून चालतात. कोंडी कमी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुलाला नवी मार्गिका जोडण्यात आली.

या गर्दीत ‘एमएच’ने सुरू होणाऱ्या पाट्याही विपुल दिसतात. शहाजीराजांना बेंगळूरुची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी माणूस या शहरात येत राहिला आहे. आज तो नोकरीनिमित्त, बदलीनिमित्त किंवा मुलांच्या शिक्षणासाठी येतो आणि येताना आपली गाडी घेऊन येतो. विमान चुकेल या धास्तीने सिग्नल पिवळ्याचा लाल होता होता गाडी पुढे काढण्याचा मोह याच चौकात होतो. त्या एका क्षणाचे पुढे काय होते, ते क्रमाने पाहू.

कॅमेरा काय पाहतो

डिसेंबर २०२२ मध्ये बेंगळूरुत बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा कार्यान्वित झाली. पहिल्या टप्प्यात शहरातील ५० चौकांत गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचणारे २५० कॅमेरे आणि लाल दिवा ओलांडणाऱ्यास टिपणारे ८० कॅमेरे बसविण्यात आले. दिवा लाल झाल्यावर गाडीने थांबरेषा ओलांडली की छायाचित्र घेतले जाते, पाटीवरील अक्षरे व अंक वाचले जातात आणि त्या क्रमांकावरून वाहन नोंदणीच्या राष्ट्रीय संग्रहातील मालकाचे नाव, पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक मिळविला जातो. हेल्मेट नसणे, दुचाकीवर तिघे असणे, आसनपट्टा न बांधणे, हातात फोन धरणे या गोष्टीही कॅमेऱ्यातून टिपता येतात.

येथे एक सूक्ष्म परंतु कळीचा मुद्दा आहे. कॅमेरा गाडी पाहतो, चालक कोण हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे चलन मालकाच्या नावे निघते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार, त्या वेळी गाडी कोण चालवीत होते याची माहिती पोलिसांनी मागितल्यास ती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. “गाडी मी चालवीत नव्हतो” एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. कोण चालवीत होते ते सांगावे लागते.

यंत्रणेवरही बंधने आहेत, हे वाहनचालकाने ध्यानात ठेवावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ घालण्यात आला. त्यानुसार कॅमेऱ्यासारख्या उपकरणास मान्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे व ते दरवर्षी नूतनीकृत झाले पाहिजे. अशी देखरेख चालू असल्याचा फलक लोकांना दिसेल असा असला पाहिजे. आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत मालकास सूचना गेली पाहिजे. सूचनेसोबत गाडीची पाटी स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याच्या कोणत्या तरतुदीचा भंग झाला याचा उल्लेख असावा लागतो. खात्यातील नोंद चुकीची वाटली तर आपण पासबुक घेऊन शाखेत जातो. तसेच चलनाचेही आहे. ते आधी वाचावे, छायाचित्र पाहावे, पाटी आपलीच आहे ना याची खात्री करावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

दंडाचे दर

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातील दंडाच्या रकमा काळाच्या ओघात अगदीच किरकोळ वाटू लागल्या होत्या. हेल्मेट नसल्यास १०० रुपये, परवान्याविना गाडी चालविल्यास ५०० रुपये, मद्यपान करून चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये अशी ती जुनी स्थिती होती. २०१९ च्या सुधारणा कायद्याने १ सप्टेंबर २०१९ पासून हे चित्र पालटले. हेल्मेट वा आसनपट्टा नसल्यास १,००० रुपये, परवान्याविना चालविल्यास ५,००० रुपये, मोटारगाडी वेगमर्यादेबाहेर चालविल्यास १,००० ते २,००० रुपये, रुग्णवाहिकेस वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, असे नवे दर आले. लाल दिवा ओलांडणे, उलट दिशेने गाडी चालविणे व गाडी चालविताना हातात फोन धरणे या गोष्टी कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनात समाविष्ट झाल्या.

तडजोडीने मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांची रक्कम ठरविण्याचा अधिकार कलम २०० ने राज्यांना दिला आहे. लोकांचा रोष पाहून कर्नाटक सरकारने त्याच सप्टेंबर महिन्यात अनेक दंड खाली आणले; हेल्मेट व आसनपट्ट्याचा दंड १,००० वरून ५०० रुपये झाला. महाराष्ट्राने आपले सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. म्हणून एकाच चुकीसाठी पुण्यात व बेंगळूरुत वेगवेगळी रक्कम दिसली, तर त्यात नवल मानू नये.

मद्यपान करून गाडी चालविण्याचा गुन्हा मात्र या तडजोडीच्या यादीत नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास प्रकरण न्यायालयातच जाते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

सहाशे त्रेचाळीस नोंदी

नोंद साचत गेली म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण हेब्बाळच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर असलेल्या गंगानगर भागात २०२३ च्या अखेरीस उघडकीस आले. तेथील एका स्कूटरच्या क्रमांकावर ६४३ नियमभंग नोंदले गेले होते आणि दंडाची एकूण बाकी ३ लाख २२ हजार रुपयांच्या घरात गेली होती. वर्तमानपत्रांनी हे वृत्त गमतीचे म्हणून छापले. वाचकांनी ते हसून वाचले. बँकेच्या माणसाला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही. दर वेळी सरासरी ५०० रुपये. एकेका नोंदीकडे पाहावे तर किरकोळ, बेरीज पाहावी तर स्कूटरच्या किमतीच्या कितीतरी पट. लहान रकमांचे आवर्ती ठेव खाते आपण ग्राहकांना अभिमानाने समजावून सांगतो. हे त्याच गणिताचे उलटे रूप.

६४३ वेळा कॅमेऱ्याने पाहिले. ६४३ वेळा ‘भरू नंतर’ असे मनात आले असेल, किंवा संदेश आलाच नसेल. कोणते कारण खरे, हे बाहेरच्यास सांगता येणार नाही. पण दोन्हींचे फळ एकच आहे. बाकी मिटविल्याशिवाय अशा गाडीचे हस्तांतर, नूतनीकरण वा अन्य नोंदणीची कामे पुढे सरकत नाहीत, कारण मुदतीत न मिटविलेल्या चलनांपोटी परवान्याची व वाहनाची कामे रोखून ठेवण्याची तरतूद नियमांत आहे. ही मुदत वेळोवेळी बदलत आली आहे. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये, सूचनेत दिलेली तारीखच प्रमाण मानावी.

तीन महिने आणि नव्वद दिवस

आतापर्यंत पैशाचा विचार झाला. खरा घाव मात्र परवान्यावर बसतो. हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वाराचा आणि दुचाकीवर तिघांना नेणाऱ्याचा परवाना तीन महिने निरर्ह ठरविण्याची तरतूद २०१९ च्या सुधारणेतच आहे. त्याआधी, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना कळविले होते की, अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, गाडी चालविताना फोनवर बोलणे, मालवाहू गाडीतून माणसे नेणे, जादा माल भरणे आणि मद्यपान करून वाहन चालविणे यांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. प्रत्येक चलनाबरोबर हे घडतेच असे नाही. पण जेव्हा घडते, तेव्हा काय होते?

ज्याची मोटार केवळ कार्यालयात जाण्यासाठी आहे, तो तीन महिने बसने वा मेट्रोने जाईल. पण ज्याचे पोटच परवान्यावर आहे, त्याचे काय? समजा, एका तरुणाने बँकेकडून कर्ज काढून टॅक्सी घेतली आहे आणि तो हेब्बाळमार्गे विमानतळाच्या फेऱ्या मारतो. फोन हातात धरून रस्ता शोधण्याची सवय त्याला लागली आहे. एक दिवस त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित होतो. त्या दिवसापासून मिळकत शून्य. गाडी दारात उभी. घरभाडे चालू, मुलांची फी चालू, आणि कर्जाचा हप्ताही चालू. परवाना थांबतो, हप्ता थांबत नाही.

आता बँकेच्या खातेवहीकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या दंडकानुसार मुदत कर्जाचा हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले की ते खाते अनुत्पादक ठरते. मार्च २००४ पासून हा ९० दिवसांचा निकष लागू आहे. निलंबनाच्या पहिल्याच आठवड्यात आलेला हप्ता चुकला आणि पुढे भरता आला नाही, तर परवाना परत हाती येण्याच्या सुमारास ते कर्जखाते त्या ९० दिवसांच्या रेषेवर येऊन उभे राहते. वाहतुकीच्या कायद्यातले तीन महिने आणि बँकेच्या नियमांतले नव्वद दिवस यांचा परस्परांशी काही संबंध नाही. दोन्ही स्वतंत्रपणे ठरले. पण त्या तरुणाच्या घरात ते एकाच वेळी येऊन धडकतात. सिग्नलवर वाचविलेल्या दीड मिनिटाची ही किंमत आहे.

अनेक ग्राहक विचारतात, “चलन थकले तर पतगुणांक घसरतो का?” थेट नाही. पतमाहिती कंपन्यांकडे कर्जाच्या परतफेडीच्या नोंदी जातात. वाहतुकीचा दंड हे कर्ज नव्हे. परंतु वर सांगितलेल्या आडवाटेने, मिळकत थांबून हप्ता थकला, की पतगुणांकाला धक्का बसतोच.

अशा ग्राहकाने काय करावे? दोन गोष्टी. परवाना निलंबित करण्यापूर्वी कलम १९ नुसार त्या व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. म्हणून आलेली नोटीस उशीखाली ठेवू नये, उत्तर द्यावे. आणि दुसरी गोष्ट अशी की, पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेत यावे. अडचण आधी सांगणाऱ्या ग्राहकासाठी मार्ग शोधणे शाखाधिकाऱ्यास सोपे जाते. खाते थकल्यावर त्याचेही हात बांधले जातात. शाखेतील सहकाऱ्यांनीही वाहनकर्जाचा हप्ता पहिल्यांदा चुकला की ‘का’ हा प्रश्न आपुलकीने विचारावा. कित्येकदा त्याचे उत्तर चौकात सापडेल.

विम्याचा धागा

परवाना निलंबित असताना ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’ म्हणून गाडी काढणे हा सर्वांत महागडा प्रवास ठरू शकतो. वैध परवान्याविना गाडी चालविताना अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. तिऱ्हाईतास झालेल्या इजेचे काय? २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा ऊहापोह केला. त्यातून दृढ झालेला मार्ग असा, की जखमी वा मृताच्या कुटुंबास विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि विमाधारकाने अटींचा भंग केला असल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करावी. ही रक्कम लाखांच्या घरात जाते. घर, ठेवी, आयुष्याची पुंजी पणाला लागते.

अल्पवयीन मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांसाठी कलम १९९-अ स्वतंत्रपणे वाचण्याजोगे आहे. अल्पवयीनाने वाहतुकीचा गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिकवणीला उशीर होतो म्हणून अकरावीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देताना हे आकडे आठवावेत.

गाडी गेली, नाव राहिले

पुण्याहून वा कोल्हापुराहून हेब्बाळला बदली होऊन आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत नोंदीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. गाडीच्या नोंदणीवर जुना पत्ता असतो, जुना भ्रमणध्वनी क्रमांक असतो. बेंगळूरुच्या चौकात निघालेले चलन ‘एमएच’ पाटीच्या गाडीवरही तितकेच नोंदले जाते. संदेश मात्र बंद पडलेल्या क्रमांकावर जातो आणि नोटीस गावाकडे म्हाताऱ्या आईवडिलांच्या हाती पडते. मालकाला काहीच कळत नाही, आणि बाकी वाढत जाते. म्हणून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

राहण्याचा पत्ता बदलल्यास ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे कायद्याने आवश्यक आहे. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर कलम ४७ नुसार तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. ज्यांची नोकरीच बदलीची आहे अशांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिकेची सोय झाली आहे. केंद्र व राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात. दर बदलीला क्रमांक बदलावा लागत नाही. आपल्या सेवकवर्गातील अनेकांना ही सोय उपयोगी पडेल.

गाडी विकतानाची हयगय तर याहून घातक. व्यवहार तोंडी होतो, पैसे हाती येतात, किल्ली दिली जाते; कागदपत्रे ‘नंतर करू’ म्हणून राहून जातात. पुढे नव्या मालकाने मोडलेल्या प्रत्येक नियमाचे चलन जुन्याच मालकाच्या नावे येते. एवढ्यावर भागले तरी बरे. नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. त्याच राज्यात विक्री झाल्यास १४ दिवसांत नमुना २९ मध्ये हस्तांतराची सूचना द्यावी, खरेदीदाराकडून नमुना ३० भरून घ्यावा आणि गाडी कर्जाची असेल तर कर्ज फेडल्यावर बँकेकडून नमुना ३५ व ना-हरकत पत्र घेऊन तारणाची नोंद काढून टाकावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही सौदा ठरविण्यापूर्वी तिच्या क्रमांकावर चलने थकलेली नाहीत ना, हे परिवहन मंत्रालयाच्या ई-चलन संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

सवलतीची वाट पाहणारे

३ ते ११ फेब्रुवारी २०२३ या नऊ दिवसांत कर्नाटकात थकलेल्या चलनांवर ५० टक्के सूट देण्यात आली. बेंगळूरुत लोकांनी रांगा लावल्या आणि १२० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली. पुढेही अशा सवलती आल्या. २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०२५ या काळातही निम्म्या दंडात प्रकरणे मिटविता आली. थकबाकी वसूल झाली, न्यायालयांवरील भार हलका झाला, हे खरेच.

पण कर्जाच्या एकरकमी परतफेडीच्या योजना राबविलेल्या बँक कर्मचाऱ्यांना या नाण्याची दुसरी बाजू सांगावयास नको. ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला त्याला काहीच मिळत नाही. ज्याने दुर्लक्ष केले त्याला निम्मे माफ. मग पुढच्या वेळी प्रामाणिक माणूसही थांबून पाहू लागतो. सवलत हा कोणाचा हक्क नव्हे. ती सरकारच्या त्या त्या वेळच्या आदेशाने मिळते आणि तिच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्याची गाडी मधल्या काळात कधीही अडविली जाऊ शकते.

चलन मान्य नसेल तर त्याचाही राजमार्ग आहे. वाहतूक पोलिसांकडे पुराव्यासह आक्षेप नोंदविता येतो, न्यायालयात बाजू मांडता येते, लोकअदालतीचा पर्यायही उपलब्ध असतो. किरकोळ वाहतूक प्रकरणे घरबसल्या मिटविता यावीत म्हणून अनेक राज्यांत आभासी न्यायालये स्थापन झाली आहेत. महाराष्ट्राचे असे न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर येथे सुरू झाले. तेथे दंड भरण्याचा व दावा लढविण्याचा असे दोन्ही पर्याय असतात. तिसरा, म्हणजे काहीच न करण्याचा पर्याय कोणत्याही यंत्रणेत नाही.

खोट्या चलनापासून सावध

चलनाच्या धास्तीचा फायदा घेणारी एक टोळधाड अलीकडे बोकाळली आहे. व्हॉट्सअॅपवर वाहतूक पोलिसांच्या बोधचिन्हासह संदेश येतो: “आपले चलन थकले आहे, पाहण्यासाठी ही फाइल उघडा.” फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ती उघडताच एक घातक प्रणाली फोनमध्ये शिरते, बँकेचे संदेश व ओटीपी वाचू लागते आणि पाहता पाहता खाते रिकामे होते. पाचशे रुपयांच्या भीतीने आयुष्यभराची शिल्लक जाते.

लक्षात ठेवावयाचे एवढेच, की चलन पाहण्यासाठी कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही. संदेशातील दुव्यावर न जाता सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहावा. त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असते. तेथे गाडीचा क्रमांक घालून बाकी पाहावी, तेथेच भरावी आणि पावती जपून ठेवावी. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेस कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे रोखून धरण्याची शक्यता सर्वाधिक असते.

शेवटची नोंद

आतापर्यंत आपण रुपयांचा, परवान्याचा, हप्त्यांचा हिशेब मांडला. एक हिशेब मात्र कोणत्याही खातेवहीत बसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. ज्या चुकीबद्दल हेब्बाळच्या चौकात ५०० रुपयांचे चलन येते, तीच ही चूक.

बँकेत मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल सांभाळलेल्या प्रत्येकाने ती माणसे पाहिली आहेत. मृत्यूचा दाखला व पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेली तरुण विधवा. मुलाच्या बचत खात्यात नामनिर्देशन आहे का, हे कापऱ्या आवाजात विचारणारा बाप. त्यांच्या हातून अर्ज भरून घेताना कर्मचाऱ्याचीही मान खाली जाते. त्या घरातल्या माणसाला आदल्या महिन्यात एखादे चलन आले असेल, त्याने ते वैतागून बाजूला सारले असेल, तर तो कागद दंडाचा नव्हता, इशाऱ्याचा होता.

म्हणून पुढच्या वेळी संदेश येईल तेव्हा तो खरा आहे याची खात्री करावी, छायाचित्र नीट पाहावे, चूक आपली असेल तर मुदतीत भरावे, नसेल तर मुदतीत आक्षेप घ्यावा. आणि पैसे भरून झाल्यावर क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, की त्या दिवशी आपल्याला एवढी घाई कसली होती? भरलेल्या चलनाची बाकी शून्य होते. त्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर पुढचे चलन येण्याचे कारणही उरत नाही.